खाल्लेलं अंगी लागावं म्हणून : लहान मूल घेऊन ठाणे-नवी मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी सात कामं

"ताई, खातो तर चांगला. पण अंगाला काही लागतच नाही बघा."

दिघ्याच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत मी बावीस वर्षं अंगणवाडी चालवली. वजनाच्या दिवशी हे वाक्य किती वेळा ऐकलं याला गणती नाही. झोळीच्या काट्याला मूल रडत लोंबकळतंय, काटा गेल्या महिन्याच्याच आकड्यावर अडलाय आणि आई एकदा काट्याकडे, एकदा माझ्याकडे बघतेय. कुणी म्हणायचं दृष्ट लागली, कुणी म्हणायचं बापाची अंगकाठीच तशी. पहिली काही वर्षं माझा ठरलेला प्रश्न असायचा : काय काय भरवता? पुढे मी आधी वेगळंच विचारायला लागले. मूल शी कुठे करतं? ती टाकता कुठे? टाकून आल्यावर हात कशाने धुता? बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. वजनाचं विचारायला यावं तर ही बाई शीचं विचारते!

हे लिहिलंय ते नुकतेच गावाकडून येऊन कळवा, विटावा, दिवा, लोकमान्यनगर, तुर्भे स्टोअर, घणसोली अशा ठिकाणी खोली घेतलेल्या आणि पदरी लहान मूल असलेल्या आईबापांसाठी. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी हसू नये; जंतूंनाही लिफ्ट वापरता येते.

कारण आधी समजून घ्या, म्हणजे पुढची कामं कटकटीची वाटणार नाहीत. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते. खाल्लेल्या अन्नातला रस ती शोषून घेते. मूल रोज थोडीथोडी घाण पोटात घेत राहिलं, तर जुलाब न लागताही ही लव झिजते, आखूड होते, आतड्याला कायमची बारीक सूज राहते. मग दोन वाट्या खाल्ल्या तरी लागते एखादी. त्यातलीही बरीच ताकद शरीर जंतूंशी भांडण्यात घालवतं. नुकसान नुसतं वजनाचं असतं तर पुढे भरूनही निघालं असतं. पण लहान मूल स्वस्थ पडलेलं असतानाही त्याची निम्म्याच्या आसपास ऊर्जा एकटा मेंदू खातो, आणि दोन वर्षांचं होईपर्यंत मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण ८० टक्के आकाराचा होतो. गरोदरपणाचे २७० दिवस आणि पहिल्या दोन वर्षांचे ७३०, असे हे १००० दिवस. घराचा पाया याच दिवसांत भरला जातो. मजले नंतर कितीही चढवा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. तीन मुलांमागे एक. नवी मुंबई २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरी आली, रस्ते खरंच स्वच्छ आहेत, मला अभिमान आहे. पण सर्वेक्षणवाले तुमच्या मोरीत डोकावत नाहीत. ते तुम्हालाच बघायचंय.

पहिलं काम : अंगणवाडीत नाव घाला

सामान लावून झालं की शेजारणीला विचारा, अंगणवाडी कुठे भरते. एखाद्या खोलीत, समाजमंदिरात, कधी पत्र्याच्या शेडमध्ये असेल. अंगणवाड्यांची ही योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे आणि ती भाड्याने राहणाऱ्यांसाठीही आहे. "आमचं रेशनकार्ड गावचं आहे" म्हणून मागे राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत; त्यांची मुलं तेवढे महिने वजनावाचून राहिली. गावाकडून आणलेलं माता व बाल संरक्षण कार्ड इथेही चालतं. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, पावसाळ्यात पत्रे गळतात.

कार्डातल्या आलेखावर दर महिन्याला एक टिंब पडतं. एका टिंबाला अर्थ नाही, रेघ कुठे चाललीय ते बघायचं. शेजारच्या बाळाशी तुलना नको. तुमचं मूल बारीक असून रेघ चढती असेल तर निर्धास्त राहा; गुटगुटीत असून रेघ दोन महिने आडवी पडली असेल तर कारण शोधा. वजनाला नेताना स्वेटर, टोपी, चांदीचे वाळे काढून न्या. वाळ्यांनी वजन वाढवून दाखवणाऱ्या आज्यांना मी चांगली ओळखते! वजनाबरोबर उंचीही मोजायला लावा. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी त्याला आडवं निजवून मोजतात.

सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाच्या दंडाला सेविका एक पट्टी लावते. दंडघेर १२.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर सावध व्हायचं, ११.५ च्या खाली आला तर त्याच दिवशी दवाखाना.

सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायला आहार मिळतो, टीएचआर म्हणतात त्याला. तो घरी गेला की सगळं घर खातं आणि बाळाच्या वाट्याला एक घास येतो, हे मला माहीत आहे. निदान बाळाचा भाग वेगळ्या डब्यात काढून ठेवा.

दुसरं काम : शी कुठे जाते ते ठरवा

"बाळाची शी ती काय घाण असते का!" हे ज्यांच्या तोंडून ऐकलं त्या सगळ्या प्रेमळ बायका होत्या. पण मोठ्या माणसाच्या शीत जे जंतू असतात ते बाळाच्या शीतही असतात. शिवाय बाळ ती मोरीच्या कडेला, दारात, गटारावर करतं, म्हणजे जिथे दुसरं बाळ रांगतं तिथेच.

सार्वजनिक शौचालयात लहान मूल बसत नाही. भांडं मोठं, पाय पुरत नाहीत, आत अंधार, बाहेर रांग आणि दार वाजवणारे. म्हणून आया मुलाला गटारावर बसवतात किंवा कागदावर बसवून तो कागद कचऱ्यात टाकतात. पावसाळ्यात गटार तुंबलं की तीच घाण उंबऱ्याशी येते. यावर उपाय साधा आहे. झाकणाची प्लॅस्टिकची पॉटी घ्या. बसता यायला लागलं की रोज ठरलेल्या वेळी, सकाळचं खाणं झाल्यावर, बसवत जा. शी शौचालयात टाका, भरपूर पाणी ओता, पॉटी साबणाने धुऊन उन्हात पालथी घाला. ते धुतलेलं पाणी मोरीत ओतलंत तर सगळ्या खटाटोपावर पाणी पडलं.

दुपट्यांचंही तसंच. आधी शी शौचालयात झटकायची, मग दुपटं वेगळ्या बादलीत भिजवायचं. भांडी घासायची मोरी आणि दुपटी धुवायची मोरी एकच असेल, आणि दहा बाय दहाच्या खोलीत ती एकच असते, तर दुपटी आधी धुवा, मोरी पावडर टाकून घासा आणि मग भांड्यांना बसा. डायपर वापरत असाल तर कागदात गुंडाळून वेगळा द्या, ओल्या कचऱ्यात घालू नका आणि डोंगरउतारावर भिरकावू नका. पहिल्या पावसात तो खालच्या घरात पोचतो.

रांगणारं मूल म्हणजे घरातलं फडकं. जमिनीवरचं सगळं आधी हाताला, मग तोंडात. सात-आठ महिन्यांचं मूल हगायला लागलं की लोक म्हणतात दात येतायत. दातांमुळे जुलाब होत नाहीत. दात शिवशिवतात म्हणून मूल दिसेल ते चावतं, त्याच सुमारास ते रांगायलाही लागतं, आणि जमिनीवरची घाण पोटात जाते. म्हणून चपला दाराबाहेर, आणि रांगायला एक वेगळी सतरंजी किंवा धुता येईल अशी चटई. गावठाणात किंवा येऊरच्या पाड्यावर राहत असाल तर कोंबड्या त्या चटईपासून लांब ठेवा. कोंबडीची विष्ठा बाळाच्या तोंडात गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

आता एक न आवडणारी गोष्ट. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे इथे या विषयावर फार मोठे प्रयोग झाले. निकाल २०१८ आणि २०१९ मध्ये आले. घरोघर संडास, साबण, पाण्यासाठी क्लोरीन दिलं, तरी नुसत्या तेवढ्याने मुलांची उंची वाढली नाही. आहाराची जोड दिली तिथे थोडी वाढली. जुलाब बांगलादेशात कमी झाले, बाकी दोन देशांत झाले नाहीत. हे वाचून मी आधी खट्टू झाले. मग वाटलं, बरोबरच आहे. आपली एक खोली स्वच्छ आणि बाहेर उघडं गटार, तर मूल काय खोलीतच राहणार? काम दोन्हीकडे करावं लागतं, ताटात आणि गल्लीत. गल्लीतल्या चार घरांनी पॉटी घेतली की फरक पडायला लागतो, एकटीने घेऊन पडत नाही. महिला मंडळात, भिशीत, हळदीकुंकवाला हा विषय काढा. लाज पहिल्या पाच मिनिटांची असते.

तिसरं काम : साबण हाताशी ठेवा

हात धुवायचे ते कधी? शी धुतल्यावर, शौचालयातून आल्यावर, स्वयंपाकाला लागताना, भरवण्याआधी, आणि बाळाचेही हात, ते खायला बसण्याआधी. वीस सेकंद चोळायचे. साबणाशिवाय नुसतं पाणी म्हणजे हात भिजवणं. साबणाने हात धुण्याची सवय लागली तर जुलाबाचं प्रमाण साधारण तीस टक्क्यांनी घटतं असं निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांतून दिसलंय. औषधाच्या कुठल्या बाटलीत एवढं सापडेल?

सगळ्यांना हे माहीत असतं, तरी धुतले जात नाहीत. का, ते मी एकदा एका घरात बसून नीट पाहिलं. साबण होता, पण आंघोळीच्या डब्यात, फळीवर. बाळ रडतंय, आईचा एक हात शीने भरलेला, दुसऱ्या हातात बाळ. फळीवरचा साबण काढणार कशी? मोरीतल्या मगातलं पाणी घेतलं, हातावर हात फिरवला, पदराला पुसले आणि भाताचा घास कालवला. त्या दिवशी मी जुन्या नायलॉनच्या मोज्यात साबणाची वडी घालून ती नळाच्या कोपऱ्याला बांधून दिली. भिजलेला मोजा नुसता चोळला तरी फेस येतो, वडी वाहून जात नाही, उंदीर पळवत नाही. साबण परवडत नसेल तर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत चमचाभर धुण्याची पावडर आणि पाणी घालून झाकणाला सुईने भोक पाडा. दाबलं की धार. महिनाभर सहज पुरते.

हात पदराला, ओढणीला पुसू नका. झटकून वाळवा. नखं दर रविवारी कापा, बाळाची आणि भरवणाऱ्या प्रत्येकाची.

चौथं काम : नळ, पिंप आणि ओगराळं

नवी मुंबईचं मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊनच निघतं. ठाण्यातही पालिकेचं पाणी शुद्ध केलेलं असतं. बिघडतं ते शेवटच्या शंभर पावलांत. वस्तीत नळाच्या बारीक नळ्या गटारातूनच गेलेल्या असतात, जोडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असते. पाणी चालू असताना आतल्या दाबामुळे ते बाहेर गळतं. बंद झालं की दाब जातो आणि गटाराचं पाणी आत ओढलं जातं. कुणी मोटार लावली तर आणखी जोरात. म्हणून पाणी आलं की पहिली बादली धुण्याला, दुसऱ्यापासून पिण्याचं भरा. वास किंवा गढूळपणा दिसला तर पाणी येत असतानाच मोबाइलवर चित्रण करून पालिकेच्या विभाग कार्यालयात तक्रार द्या. नंतर पाणी स्वच्छ होतं आणि कुणी विश्वास ठेवत नाही.

पावसाळ्यात तुरटी फिरवतात. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. तुरटी फिरवल्यावर वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून, कापडाने गाळून उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे; अर्धा तास गॅस जाळायची गरज नाही. गॅस वाचवायचा असेल तर मेडिक्लोरचे, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनचे, थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. थेंब टाकून लगेच प्यायलं तर क्लोरीनचा वास तेवढा मिळतो.

आणि इतकं करून पाणी बिघडतं कुठे, तर पिंपात हात बुडवून. पेला घेतलेली बोटं पाण्यात जातात, पोरं खेळून येऊन थेट पिंपात पेला घालतात. लांब दांड्याचं ओगराळं घ्या, भांड्याच्या दुकानात सहज मिळतं, आणि ते पिंपाच्या बाजूला खिळ्याला टांगा; झाकणावर ठेवलं की धूळ बसते. तोटीचं पिंप मिळालं तर त्याहून बरं. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासा. बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर घासायला उशीर झालाय.

पाचवं काम : उष्टावणानंतरचं ताट

पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. बाळ जन्मल्यावर तासाभरात पाजायला घ्यायचं, पहिलं पिवळं चिकाचं दूध टाकायचं नाही. पाणी नाही, ग्राइपवॉटर नाही, उगाळलेली घुटी नाही, मध चाटवणं तर नाहीच. मधातल्या एका जंतूमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला लकव्यासारखा जिवावरचा आजार होऊ शकतो. मे महिन्यातही पाणी नको, दुधात पाणी असतंच. इथे सासूबाईंशी वाद होतो. वाद घालण्यापेक्षा त्यांना एकदा वजनाच्या दिवशी घेऊन या, सेविका बोलेल.

मुलाचं उष्टावण सहाव्या महिन्यात आणि मुलीचं पाचव्या किंवा सातव्या, अशी पद्धत आपल्याकडे आहे. समारंभ कधीही करा, पण घास चालू करायचा तो सहा महिने पुरे झाल्यावर, मुलगा असो की मुलगी. सातव्याच्या मुहूर्तासाठी थांबलेल्या मुलीचा तो मधला काळ नुसत्या दुधावर जातो आणि दूध तेव्हा पुरत नाही. अंगावर पाजणं मात्र दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवायचं.

सगळ्यात मोठी चूक वरणाच्या पाण्याची. डाळ खाली बसते, ती घरातले खातात, आणि वरचं पिवळं पाणी "पचायला हलकं" म्हणून बाळाला. त्या पाण्यात पाणीच असतं. बाळाचं पोट त्याच्या मुठीएवढं. ते पातळ पेजेने भरलं की भूक मोडते आणि आई म्हणते, खातो चांगला! चमचा तिरपा करून बघा. घास ओघळून गेला तर पातळ आहे. चमच्याला धरून राहिला, हळूच घसरला, तर बरोबर. मऊ भात, गोळा वरण, चांगलं कुस्करून, वर चमचाभर तूप किंवा तेल. मिक्सरमधून पाण्यासारखं करू नका.

सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा. आठव्या महिन्यापर्यंत वाढवत अर्धी वाटी, नवव्या महिन्यापासून वर्षाचं होईपर्यंत तीन-चार वेळा अर्धी वाटी, वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी आणि मधे एक-दोनदा काहीतरी. वाटी म्हणजे आमटीची मोठी, २५० मिलिलिटरची. बाळाची वाटी वेगळी ठेवा. मोठ्यांच्या ताटातले घास दिले की किती गेलं ते कळतच नाही.

काय द्यायचं ते तुमच्या गावचंच द्या. नाचणीचं सत्त्व, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, मुगाची खिचडी, केळं, उकडलेलं रताळं, लाल भोपळा. अंडं चालतं, बलकासकट पांढरंही. शाकाहारी नसाल तर एक आगरी-कोळी युक्ती सांगते. दिवाळे गावातल्या किंवा चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशीकडून सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, आणा, निवडा, दोन-तीन कोमट पाण्यांतून खारटपणा काढा, उन्हात वाळवा, तव्यावर कोरडी भाजा आणि बारीक पूड करा. चिमूटभर मऊ भातात. प्रथिनं, कॅल्शियम, लोह, सगळं त्यात, आणि महागाच्या डब्यांपेक्षा कितीतरी स्वस्त. वर्षाच्या आत वरून मीठ-साखर नको.

लोहाचं थोडं जास्त सांगते, कारण मेंदूला ते लागतं आणि कमतरता डोळ्यांना दिसत नाही. वर सांगितलेल्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या ६९ मुलांना रक्तक्षय होता. पालेभाजी, डाळ, अळीव यांतलं लोह अंगी लागायला लिंबू पिळा. चहा ते अडवतो. चहा-बिस्किटावर वाढलेलं मूल गप्प गप्प असतं, त्याला लोक शहाणं म्हणतात. आरोग्य केंद्रातून लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर. शी काळी होते, घाबरून बंद करू नका.

बाटली घरात ठेवू नका. निपलच्या खाचेत, बुचाच्या आट्यांत दुधाचा थर बसतो आणि तो ब्रशने निघत नाही. वरचं दूध द्यायचंच झालं तर वाटी-चमच्याने. हे मी माझ्या थोरल्यावर शिकले. सेविका होण्याआधीची गोष्ट, मी कामावर जायची आणि तो आठ महिन्यांचा बाटलीवर. जुलाब लागले. गल्लीतल्या डॉक्टरांनी जुलाब बंद करायचं औषध दिलं आणि सांगितलं, दूध बंद, खाणं बंद. दोन दिवसांत पोट नगाऱ्यासारखं फुगलं, डोळे आत गेले. मोठ्या दवाखान्यातल्या नर्सबाईने मला जे सुनावलं ते आजही कानात आहे. पोरगा वाचला. पुढे दोन वर्षं तो त्याच्या वयाच्या मुलांच्या खांद्याला लागला नाही.

सकाळी शिजवलेलं संध्याकाळी भरवू नका. उन्हाळ्यात दोन तासांपुढे बाहेर राहिलेला भात बाळाला नको. कामावर जाणाऱ्यांनी मूल सांभाळणाऱ्या बाईकडे एकदा न सांगता दुपारी चक्कर मारावी.

सहावं काम : जुलाब लागले तर

चोवीस तासांत तीनदा किंवा जास्त पातळ शी म्हणजे जुलाब. ओआरएसचं, म्हणजे जलसंजीवनीचं, पाकीट घरात आधीच आणून ठेवा. रात्री दोन वाजता लागतं ते. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर प्यायच्या पाण्यात. अर्धं पाकीट, अर्धा ग्लास असे हिशेब करू नका, प्रमाण बिघडलं की उलटं होतं. दुकानात तसल्या दिसणाऱ्या फळांच्या चवीच्या डब्या असतात, त्यांत साखर जास्त, त्या नकोत. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला अर्धी लहान वाटी, चमच्याने, सावकाश. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. तयार केलेलं चोवीस तासांनी ओतून द्या.

झिंकच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतात. सहा महिन्यांच्या पुढे रोज २० मिलिग्रॅम, त्याआधी १०, चमचाभर दुधात विरघळवून, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा. अंगावरचं दूध आणि खाणं चालूच ठेवा, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे दिवसातून एक वेळ जास्त भरवा.

डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली पोटाची कातडी हळूहळू खाली बसते, पाणी प्यायची ताकद नाही, मूल गुंगीत आहे, शीत रक्त आहे, यांतलं एक जरी दिसलं तरी घरी थांबायचं नाही. १०८ ला फोन, किंवा रिक्षा करून कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशीचं पालिका रुग्णालय. वाटेत चमच्याने ओआरएस चालू.

जुलाबाच्या रोटाव्हायरसवरच्या लशीचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. 'अ' जीवनसत्त्व नवव्या महिन्यापासून, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. वर्षानंतर जंताची गोळी, दोन वर्षांखाली अर्धी, चुरा करून. तारखा कार्डावर असतात, नसतील तर सेविकेला विचारा.

सातवं काम : बोला त्याच्याशी

जमैकातल्या किंग्स्टनमध्ये ऐंशीच्या दशकात खुरटलेल्या मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना पूरक आहार दिला, काहींच्या घरी दर आठवड्याला आरोग्यसेविका जाऊन आईला मुलाशी खेळायला-बोलायला शिकवायची, काहींना दोन्ही मिळालं. सुरुवातीला दोन्ही मिळालेली मुलं सर्वांत पुढे गेली. पण वीस वर्षांनी पाहिलं तर, ज्यांच्याशी खेळलं-बोललं गेलं होतं ती पोरं तसं न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्के जास्त कमवत होती. नुसत्या आहाराचा फायदा तितका टिकला नव्हता.

याला पैसा लागत नाही. भरवताना समोर बसा, डोळ्यात बघा. "हा बघ भात, ही डाळ, उघड आ." चिऊचा घास, काऊचा घास आपल्या आज्या काही उगाच करत नव्हत्या. मोबाइल समोर धरून भरवलेलं मूल घास गिळतं, खात नाही. भूक मिटली हे त्याला कळतच नाही. दोन वर्षांपर्यंत मोबाइल नकोच. डबे, झाकणं, चमचे, वाटाणे घातलेली घट्ट बुचाची बाटली, कापडी चेंडू एवढी खेळणी पुरतात. तोंडात जाईल असं सुटं काही नको, आणि खेळणीही साबणाने धुवायची.

वर्षाचं झालं तरी नावाला वळून बघत नाही, दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही, एक-दोन शब्द नाहीत, तर "आमच्यात उशिराच बोलतात" म्हणून बसू नका. कार्ड घेऊन आरोग्य केंद्रात जा.

दोन महिने रेघ आडवी राहिली तर सेविकेकडे जाताना चार गोष्टी लिहून न्या : महिन्यात किती दिवस जुलाब झाले, दिवसातून किती वाट्या जातात, भरवतं कोण, आणि दुपारी मूल कुठे असतं. एका आईने या चौथ्या प्रश्नावर जरा थांबून सांगितलं, "दुपारी? गटाराच्या फरशीवर खेळतो, तिथे सावली असते ना." आम्ही दोघींनी मिळून तिच्या दारात जुनी ताडपत्री बांधली.